शेरा

नाव: काशिलिंग मुरगेप्पा निराळी.
हुद्दा: हॉस्पिटल असिस्टंट, दरमहा रुपये पंचवीस,
तट्टू ज्याचं त्यानं पोसावं.
एवढं सरकारी कागदात आहे.

बाकीचं आमच्या घरात तुकड्यातुकड्यांनी,
निम्मं कानडीत, निम्मं मराठीत,
शिव्या तेवढ्या तेलुगूत,
शेजारच्या मागवाल्यांकडून उसन्या.

बाप नीळ करायचा.
तुळजापूर वेशीच्या आत, गळ्यापर्यंत पुरलेले चार रांजण,
चुना, गूळ, टाकळ्याचं शिजवलेलं बी.
रांजण ‘आला’ का, हे मुरगेप्पा वासावरून सांगे,
अडलंच तर थेंब जिभेवर ठेवून.
(मुलगा पुढे मधुमेह तसाच ओळखायचा,
असं आत्या सांगायची,
आणि नेमकी पानावर बसल्यावर सांगायची.)

पुण्याला जाताना आईनं, गुरव्वानं, पाटल्या मोडल्या.
बापानं काहीच मोडलं नाही.
एक धोतर तेवढं पांढरं ठेवलं,
जन्मात पहिल्यांदा.

पुण्यात साहेबानं पहिल्याच दिवशी त्याचा हात वर धरला,
नखं दाखवली, वर्गाला विचारलं, रोग कोणता?
वर्गानं चार नावं सांगितली, दोन लॅटिन.
काशिलिंग म्हणाला,
धंदा, साहेब.

परत आला तर गावाला तो रंगाऱ्याचा पोर.
कसब्यातली मंडळी पुडी घेत,
मिक्श्चर नको म्हणत. पाणी कुणाच्या हातचं?
मग तो औषध कोरडंच बांधून देई,
पाणी तुमच्या हंड्यातलं घ्या म्हणे.
हंड्यातलं पाणी तळ्याचं,
तळ्याच्या पलीकडच्या काठाला निराळ्यांची धुणी.
हे तो सांगत नसे.

फी म्हणून सुगीला ज्वारी,
एकदा रेडकू,
एकदा नुसताच नवस,
तोही दुसऱ्यानं फेडायचा.

मग ते साल आलं.
ज्वारी पोटरीतच वाळली,
लुगडं रंगवायला कोण येणार?
रांजणांच्या तळाला भेगा पडल्या.
मुरगेप्पा खडी फोडायला कालव्याच्या कामावर गेला,
मुलाचा पगार चालू असताना,
मुलाला न सांगता.
आत्या म्हणायची, भांडण होतं.
काका म्हणायचे, मानी होता.
वहीत कारणाचा रकाना नाही.

वही माझ्याकडे आहे. दुसरी प्रत,
त्यानं नियमाविरुद्ध घरी आणलेली.
मी शाळेचे गणवेश शिवून विकतो,
निळ्या चड्ड्यांच्या गठ्ठ्यावर ती ठेवतो, वाळवी लागू नये म्हणून.
मोडी वाचून दिली एका रिटायर्ड तलाठ्यानं,
पानामागे दहा रुपये.

अनुक्रम, लिंग, वय, जात, रोग, शेरा.
नाव नाही. मेलेल्यांना नाव लिहायला
जागाच आखलेली नव्हती.

पटकीनं नखं निळी पडतात.
पहिल्या ओळीला शेरा, नखे निळी.
खाली, वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे.
तलाठी भराभर उलटत गेले,
म्हणाले, याचे पैसे घ्यायला मलाच लाज वाटते.

दोनशे बाराला थांबले.
चष्मा पुसला.
इथे काहीतरी जास्तीचं लिहिलंय.

२१२. पुरुष. अंदाजे साठ. निराळी. पटकी.
नखे निळी, रोगापूर्वीपासून.

अक्षर तसंच, सरळ, कुठे शाई फुटलेली नाही.
त्याच तारखेला खाली आणखी सतरा ओळी आहेत.

२१३. स्त्री. तीस. कोष्टी. पटकी.
इथे ‘वरीलप्रमाणे’ चाललं नसतं.
त्यानं बोरू पुन्हा बुडवला
आणि पूर्ण लिहिलं,
नखे निळी.